सुभेदार रामजी सकपाळ : नोकरीत असताना शिक्षक झालेला माणूस

२ फेब्रुवारी हा सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा स्मृतिदिन. १९१३ साली याच दिवशी त्यांचे मुंबईत निधन झाले. बाबासाहेबांचे वडील म्हणून आपण त्यांना ओळखतो, माता भीमाईंच्या शेजारी त्यांची तसबीर लावतो, जयंतीच्या भाषणात त्यांच्याबद्दल दोन वाक्ये बोलतो. ते लष्करात सुभेदार होते आणि त्यांनी कर्ज काढून मुलाला शिकवले, ही ती दोन वाक्ये. दोन्ही खरी आहेत. पण रामजींच्या नोकरीचा मोठा भाग ज्या कामात गेला, ते काम शिक्षकाचे होते. १४ वर्षे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्याआधी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षक होण्याचे रीतसर शिक्षण घेतले होते आणि तेही पलटणीच्या नोकरीत असताना.

यंदा हा भाग जरा सविस्तर सांगावा असे आम्हाला वाटते, कारण आपल्या ओळखीतले अनेक शिक्षक सध्या पुस्तके उघडून बसले आहेत. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हायची. नाही झाले तर नोकरी सोडायची. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे ते कामावर राहतील, पण टीईटीशिवाय त्यांना बढती नाही. वीस-बावीस वर्षे फळ्यासमोर उभी राहिलेली माणसे रात्री मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर स्वतःचा अभ्यास करताना दिसतात. काम करता करता शिक्षकाने शिकायचे कसे, कोणाच्या वेळेत, कोणाच्या पैशाने, हा प्रश्न या निमित्ताने पुन्हा वर आला आहे. रामजींच्या आयुष्यात त्याचे एक उत्तर सापडते. ते पूर्ण उत्तर नाही, पण पाहण्यासारखे आहे.

रामजींचे मूळ गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले. कोकणातल्या त्या गावात महार म्हणून जन्मलेल्या माणसाच्या वाट्याला काय येत असे ते आपल्या घरातल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. गावकीची कामे, बलुते, सांगावे पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे. यातून बाहेर पडायचा एक रस्ता पलटणीकडे जात होता. रामजींचे वडील मालोजी लष्करात होते. रामजींनीही तोच रस्ता धरला. त्यांचे लग्न भीमाबाईंशी झाले, त्या ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडकर घराण्यातल्या. तेही लष्करी घर आणि भीमाबाईंचे वडीलही सुभेदार. म्हणजे दोन्ही बाजूंनी पगार, गणवेश आणि कवायत पाहिलेली माणसे. गावकुसाबाहेरच्या समाजात अशी घरे त्या काळी मोजकीच असतील, पण होती, आणि पुढच्या चळवळीचे पहिले लिहिणारे-वाचणारे लोक बहुतेक याच घरांतून आले.

पलटणीत पगाराच्या जोडीला आणखी एक गोष्ट मिळे, ती म्हणजे शाळा. कंपनी सरकारच्या काळापासून लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते. मुलींनाही. गावातल्या शाळेच्या पायरीवर चढू न देणारा समाज एकीकडे आणि मुलगा शाळेत का आला नाही म्हणून विचारणारी छावणी दुसरीकडे, असा तो काळ. यात इंग्रजांचा उदारपणा शोधायची गरज नाही. हुकूम वाचणारा, हजेरी आणि हिशेब ठेवणारा शिपाई त्यांना हवा होता. स्वतःच्या गरजेपोटी त्यांनी दार उघडले आणि आपली माणसे आत शिरली.

आता शाळा सक्तीची म्हटली की शिकवायला मास्तर लागतात. ते आणायचे कुठून? लष्कराने बाहेरून तयार मास्तर मागवण्यावर सगळी भिस्त ठेवली नाही. पलटणीतल्याच हुशार माणसांना निवडून त्यांना शिक्षक करायचे, यासाठी पुण्यात लष्कराचे नॉर्मल स्कूल होते. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक तयार करणारी शाळा. आज आपण डी.एड. कॉलेज म्हणतो तसे. रामजी तिथे गेले, शिकले आणि शिक्षकाची पदविका घेऊन बाहेर पडले. मराठी आणि गणित त्यांचे पक्के होतेच, इंग्रजीही चांगली झाली. पुढे ते शिक्षक झाले, मग मुख्याध्यापक, आणि सुभेदार या हुद्द्यापर्यंत चढले.

इथे थोडे थांबावेसे वाटते. रामजी घरच्या पैशाने शिकले नाहीत. रजा काढून शिकले नाहीत. सुट्टीच्या दिवशी क्लास लावून परीक्षेला बसले नाहीत. ज्या संस्थेला शिक्षक हवा होता, तिनेच त्यांना शिक्षक केले. आधी शिक्षण मिळाले, मग वर्ग हातात आला. या क्रमाला आम्ही महत्त्व देतो.

त्याच काळात पुण्यात याच विषयावर आणखी काही घडत होते. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले होते. आपण त्यांना पहिल्या शिक्षिका म्हणतो तेव्हा पहिल्या प्रशिक्षित शिक्षिका हा शब्द त्यात घालायला विसरतो. आणि १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात मुलींच्या आणि शूद्रातिशूद्रांच्या शाळांबरोबर शिक्षकांविषयीही बरेच काही आहे. प्राथमिक शाळेतले शिक्षक बहुतेक ब्राह्मण आहेत, ते कष्टकऱ्यांच्या मुलांत मिसळत नाहीत, म्हणून त्या मुलांच्याच समाजांतून शिक्षक तयार करावेत, असे जोतीरावांनी मांडले. त्यांच्या प्रशिक्षणात नेहमीच्या विषयांबरोबर शेती आणि आरोग्याचे ज्ञान असावे. अप्रशिक्षित शिक्षकांच्या जागी प्रशिक्षित यावेत, मात्र जो अप्रशिक्षित शिक्षक खरोखर चांगला शिकवतो त्याला हात लावू नये. पगार महिना १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत १५ ते २० रुपये असावा. गावच्या कारभारात शिक्षकाला काही जबाबदारीचे काम देऊन त्याचा मान वाढवावा. हे निवेदन शिक्षकी पेशात असलेल्या आपल्या प्रत्येक मित्राने एकदा काढून वाचावे. प्रशिक्षण आणि पगार या दोन गोष्टी जोतीरावांनी एकमेकींपासून सोडवल्या नाहीत. आजची सरकारी परिपत्रके त्या हमखास सोडवतात.

रामजींना जोतीरावांबद्दल मोठा आदर होता. आणि पाहा, जोतीराव आयोगापुढे जी मागणी करत होते तिचे जिवंत उदाहरण म्हणजे रामजी : अतिशूद्र समाजातला, रीतसर प्रशिक्षित, पगारी शिक्षक. फक्त तो गावात नव्हता, छावणीत होता. गावच्या शाळेने त्याला मास्तर म्हणून खुर्चीत बसू दिले नसते.

महू छावणीत रामजी मुख्याध्यापक असताना, १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांच्या घरी चौदावे मूल जन्माला आले. तेच आपले बाबासाहेब. चौदापैकी बरीच मुले लहानपणीच गेली होती. मोठी झाली ती बाळाराम, आनंदराव, भीमराव हे मुलगे आणि मंजुळा व तुळसा या मुली. भीमरावांचा जन्म झाला ते घर शिक्षकाचे घर होते, ही साधी गोष्ट आपल्या गाण्यांतून आणि भाषणांतून जवळजवळ हरवली आहे. सुभेदार हा शब्द ऐकला की आपल्याला तलवार आणि बंदूक आठवते. महूच्या त्या घरात पाटी, खडू आणि हजेरीपट यांचा वावर जास्त असणार.

भीमराव एक वर्षाचे असतील-नसतील तेव्हा, १८९२ च्या सुमारास, सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी नवी वाटणी इंग्रजांनी मनाशी पक्की केली होती आणि पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत रक्त सांडलेल्यांना त्यांनी दुसऱ्या रांगेत टाकले. याचा अर्थ फक्त शिपायाची नोकरी गेली असा नव्हता. भरती गेली तशी छावणीची शाळा गेली, नॉर्मल स्कूलचे दार गेले, मास्तर होण्याची वाट गेली. एका हुकुमाने पुढच्या पिढीतले किती रामजी होता होता राहिले, ते मोजणार कोण? रामजींनी ते वेळीच ओळखले. न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीने या बंदीविरुद्ध सरकारला अर्ज तयार करवून घेण्याच्या खटपटीत ते होते. त्याच काळात गोपाळबाबा वलंगकर हे दुसरे निवृत्त लष्करी गृहस्थ हीच लढाई लेखणीने लढत होते. अर्जांना यश आले नाही.

भीमराव दोन-तीन वर्षांचे असताना रामजी निवृत्त झाले आणि कुटुंब कोकणात दापोलीला आले. तिथे लष्करी पेन्शनर महारांची वस्ती होती. पेन्शनीत एवढ्या मोठ्या घराचे भागेना म्हणून रामजी पुन्हा नोकरी शोधत साताऱ्याला गेले. १४ वर्षे मुख्याध्यापकी केलेल्या या माणसाला साताऱ्यात मुख्याध्यापकाची खुर्ची मिळाली नाही. सरकारी बांधकामांवरचे काम मिळाले, पुढे दुष्काळी कामावर खजिनदारी मिळाली. आमच्या दृष्टीने रामजींच्या चरित्रातली ही सगळ्यांत बोलकी गोष्ट आहे. पदविका तीच, अनुभव तोच, माणूस तोच. पण छावणीच्या फाटकाबाहेर त्या पदविकेला वर्ग मिळाला नाही. समाजशास्त्रात पात्रता आणि संधी असे दोन शब्द जोडीने शिकवतात, त्यांतले अंतर रामजींनी स्वतः चालून पाहिले.

साताऱ्यात १८९६ मध्ये भीमाबाई गेल्या. मुलांना सांभाळायला रामजींची बहीण मीराबाई आली. पुढे रामजींनी दुसरे लग्न केले, त्याचा लहान भीमरावांना फार राग आला होता. हेही सांगायला हवे. रामजी देव्हाऱ्यात बसवण्याजोगे माणूस नव्हते, घरदार चालवताना ठेचकाळणारे गृहस्थ होते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. आज हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे, घरून आणलेल्या गोणपाटावर. पाण्याच्या नळाला हात लावायची मुभा नव्हती. मुख्याध्यापकाच्या मुलाला ही वागणूक मिळत होती, आणि वडील दूर गोरेगावला तळ्याच्या दुष्काळी कामावर खजिना सांभाळत होते. १९०१ च्या उन्हाळ्यात मुले त्यांना भेटायला निघाली, मसूर स्टेशनवर उतरली आणि जात कळल्यावर कोणी गाडीत घेईना, पाणी देईना, ती हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आपल्याला ती पाठ आहे. मुलांचे पत्र रामजींपर्यंत पोचलेच नव्हते, नोकर ते द्यायला विसरला होता, म्हणून स्टेशनवर कोणी घ्यायला आले नाही. वडील म्हणून रामजींना ती रात्र कशी गेली असेल याचा आपण सहसा विचार करत नाही.

शाळेने काढून घेतलेले शिक्षकपण रामजींनी घरी चालू ठेवले. त्यांची घरची शाळा फार कडक होती. ते कबीरपंथी, दारू-मांसाला न शिवणारे. सकाळ-संध्याकाळ भजन, अभंग, कबीराचे दोहे, मुलांनी हजर राहायचेच. रामायण-महाभारताचे वाचन होई. आपल्यातले काही तरुण हे ऐकून नाक मुरडतील. बाबासाहेबांनीही वडिलांना हाच प्रश्न विचारला होता, की ही पुस्तके आपल्याला का वाचायला लावता. रामजींचे उत्तर शिक्षकाचे होते. आपण अस्पृश्य, त्यामुळे मुलाच्या मनात न्यूनगंड बसायची भीती, आणि या कथांत कर्णासारखी, वाल्मिकीसारखी खालून वर आलेली माणसे आहेत, ती त्याने पाहावीत, असे त्यांना वाटे. बाबासाहेबांचे त्याने समाधान झाले नाही, आणि तेही चांगलेच झाले. पण कुठले पुस्तक का निवडायचे याचा विचार करून ठेवलेला बाप त्यांना मिळाला होता. नॉर्मल स्कूलमध्ये शिकलेला माणूस घरी असला की असे होते.

इंग्रजी शिकवण्याची त्यांची पद्धतही अशीच विचारपूर्वक होती. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके त्यांनी भीमरावांकडून तोंडपाठ करून घेतली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची पुस्तके करून घेतली. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कोणता, इंग्रजी वाक्याला मराठी वळण कसे द्यायचे, यावर त्यांचा भर असे. बाबासाहेबांच्या इंग्रजीचे जगभर कौतुक झाले, त्याचा पाया या घरच्या तासांत आहे, असे खुद्द बाबासाहेब सांगत. कोलंबिया आणि लंडन नंतर आले.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक, झोप, अभ्यास, सगळे त्या खोलीत. सरपण आणि भांडी एका बाजूला, जाते एका कोपऱ्यात, शेळीसुद्धा तिथेच. भीमरावांना आधी मराठा हायस्कूलमध्ये आणि मग एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले. खोलीत सगळ्यांना जागा पुरेना म्हणून रामजींनी वेळाच वाटून घेतल्या. संध्याकाळी भीमरावांना लवकर झोपवायचे आणि स्वतः जागत बसायचे. रात्री दोनला त्यांना उठवून अभ्यासाला बसवायचे आणि मग त्या जागेवर स्वतः झोपायचे. दिवसभराच्या कामानंतर रात्री दोनपर्यंत जागणारा पेन्शनर म्हातारा डोळ्यांसमोर आणून पाहा.

भीमरावांना अवांतर पुस्तकांचे वेड होते. रामजी नाही म्हणत नसत. पैसे नसले की ते धाकट्या मुलीकडे जात, दोन-चार रुपये उसने मागत. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे जात, तिचा एखादा दागिना घेऊन मारवाड्याकडे गहाण ठेवत, पेन्शन आली की सोडवून परत देत. आणि पुन्हा पुस्तक आले की पुन्हा तोच दागिना. बापाचे कौतुक करताना मंजुळा आणि तुळसा यांचे दागिने आपण विसरतो. बाबासाहेबांच्या ग्रंथालयाची पहिली वर्गणी या दोन बहिणींची आहे.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण मिळाले. गुण फार नव्हते, पण महार समाजातला मुलगा एल्फिन्स्टनमधून मॅट्रिक झाला म्हणून समाजाने सभा भरवली. सी. के. बोले अध्यक्ष होते. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी भीमरावांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. केळुसकर रामजींचे स्नेही. ते कोण होते? विल्सन हायस्कूलमधले शिक्षक. दिवसभर वर्ग घ्यायचे आणि उरलेल्या वेळात वाचायचे, लिहायचे. १८९८ मध्ये त्यांचे बुद्धचरित्र प्रसिद्ध झाले, १९०६ मध्ये शिवाजी महाराजांचे. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी पुस्तक घेऊन बसणारा मुलगा त्यांच्या नजरेस पडला, त्यांनी त्याची चौकशी केली, पुस्तके दिली. भीमरावांना कॉलेजात घालावे म्हणून त्यांनी रामजींना गाठले, आणि इंटरनंतर पैसा संपला तेव्हा सयाजीराव महाराजांपर्यंत शब्द टाकून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली.

म्हणजे आपल्या धम्मक्रांतीच्या मुळाशी नोकरी करता करता अभ्यास चालू ठेवलेले दोन शाळामास्तर आहेत. एकाने इंग्रजी दिली, दुसऱ्याने बुद्ध हातात दिला. केळुसकरांना बुद्धचरित्र लिहा म्हणून कोणत्या शिक्षण खात्याने सांगितले नव्हते, त्यातून त्यांची वेतनश्रेणीही वाढणार नव्हती.

वेतनश्रेणीचा विषय निघालाच आहे तर आजच्या शिक्षकापुढे काय आहे ते पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगते की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. त्यासाठी दीक्षा हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ आहे, जिल्ह्याला डाएट आहे. १२ वर्षांनंतरच्या वरिष्ठ आणि २४ वर्षांनंतरच्या निवड वेतनश्रेणीसाठी प्रशिक्षण घ्यावे लागते. डी.एड. झालेल्या कार्यरत शिक्षकाला नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून नोकरी न सोडता बी.एड. करता येते. कागदावर वाटा बऱ्याच आहेत आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी त्या धराव्यातच. मुक्त विद्यापीठाच्या बी.एड.ने आपल्या कितीतरी भगिनींना प्राथमिकवरून माध्यमिकवर नेले, हे आम्ही वस्त्यांत पाहतो.

पण या वाटांवरून चालायचे कधी? शाळा सुटल्यावर, मतदार यादीचे काम संपल्यावर, घरचा स्वयंपाक झाल्यावर, रविवारी. शुल्क बहुतेक स्वतःच्या खिशातून. शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षे प्राथमिकला महिना १६ हजार रुपये मानधनावर काढणाऱ्याला, किंवा विनाअनुदानित शाळेत त्याहून कमी पैशांत राबणाऱ्याला, पुढचे शिक्षण म्हणजे नवे कर्ज. दीक्षावरचा अभ्यासक्रम रात्री अकराला मोबाइलवर सुरू करून बाजूला ठेवायचा आणि प्रमाणपत्र डाउनलोड करायचे, हे घडते. शिक्षक आळशी आहेत म्हणून घडते असे मानणाऱ्यांनी एक महिना त्यांच्या वेळापत्रकाने जगून पाहावे.

टीईटीबद्दल आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आमच्या वस्तीतल्या मुलाला पात्र शिक्षक मिळाला पाहिजे, यावर तडजोड नको. या मुलांच्या घरी रात्री दोनला उठवणारे रामजी नसतात, त्यांना जे मिळायचे ते शाळेतच. मात्र सरकारने वीस वर्षांपूर्वी ज्यांना त्या वेळच्या नियमांनी नेमले, त्यांना आज परीक्षेची तारीख देऊन मोकळे होणे पुरेसे नाही. अभ्यासासाठी भरपगारी दिवस, तालुक्याच्या ठिकाणी सरकारी मार्गदर्शन वर्ग, शुल्कमाफी, अशैक्षणिक कामांतून सूट, या मागण्या आपल्या शिक्षक संघटनांनी लावून धराव्यात आणि आपण कार्यकर्त्यांनी त्यांच्यामागे उभे राहावे. साम्राज्याच्या लष्कराला आपले मास्तर स्वतः घडवणे जमत होते, तर लोकशाही सरकारला ते का जमू नये? तोपर्यंत विहारात संध्याकाळी दोन तास शिक्षकांच्या अभ्यासगटाला जागा देणे आपल्या हातात आहे. काही ठिकाणी तरुणांनी ते सुरूही केले आहे, गणिताची पदवी असलेली मुले आपल्याच जुन्या गुरुजींना गणित शिकवत आहेत.

रामजींच्या शेवटच्या वर्षांकडे येऊ. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ मध्ये बी.ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. मुलाने बडोद्याला जाऊ नये असे रामजींना वाटत होते, तिथे जातीचा जाच होईल हे त्यांनी ओळखले होते आणि पुढे तसेच झाले. काही दिवसांतच रामजी आजारी असल्याची तार बडोद्याला पोचली. भीमराव निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. मुंबईला पोचले तेव्हा रामजी अंथरुणाला खिळले होते. मुलाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला आणि थोड्याच वेळात प्राण सोडला. तो २ फेब्रुवारी १९१३ चा दिवस. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव कोलंबियाला पोचले. रामजींनी ते पाहिले नाही.

पाच वर्षांनी, नोव्हेंबर १९१८ मध्ये, रामजींचा मुलगा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून वर्गात उभा राहिला. महिना ४५० रुपये पगार होता. लंडनचे शिक्षण अर्धवट राहिले होते, म्हणून बाबासाहेब परळच्या चाळीतच राहिले आणि पगारातून पैसे साठवत गेले. सुरुवातीला या अस्पृश्य प्राध्यापकाकडे विद्यार्थ्यांचे फारसे लक्ष नव्हते, नंतर दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला, साठवलेल्या पैशांत शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज घातले आणि जुलैमध्ये ते पुन्हा विद्यार्थी म्हणून लंडनच्या बोटीत चढले.